ब्रेक झाले, हबाचे काय?

कोणी “गाडीचे ब्रेक करून घेतले” असे समाधानाने सांगितले, की मला हल्ली एकच प्रश्न सुचतो : पुढच्या चाकांचे हब उघडले होते का? बहुतेक गाडीमालकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. ब्रेक वेगळे, हब वेगळा; एकाच्या दुखण्यासाठी दुसऱ्याला कशाला हात लावायचा, असा त्यांचा भाव असतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पान्यापेक्षा पेनाशी माझा संबंध अधिक. परंतु गेली दोन वर्षे संध्याकाळी एका छोट्या गॅरेजची वही लिहीत असल्यामुळे कोणत्या कामाचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्याने देते आणि कोणत्या कामाला हात आखडते, हे मला मेस्त्रींइतकेच ठाऊक झाले आहे. त्या वहीच्या आधाराने माझे मत असे झाले आहे, की जुन्या मोटारीच्या पुढच्या ब्रेकचे काम हब न उघडता केले तर ते अर्धेच काम होय. आणि ते अर्धे राहण्याचा दोष मेस्त्रींपेक्षा पैसे मोजणाऱ्याकडे जास्त जातो.

जुनी मोटार म्हणजे आपल्याकडे मुख्यतः दोन. एक कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने निघू लागली. आणि दुसरी उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. पण बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात कोणाच्या वाड्याच्या सोप्याला, कोणाच्या तंबाखूच्या वखारीत अशी एखादी गाडी अजून उभी असते. ती केवळ उभी असेल तर माझे काही म्हणणे नाही. ती लग्नाच्या वरातीला निघते, देवदर्शनाला निघते, तवंदीचा घाट उतरते, आंबोलीला पावसाळा पाहायला जाते. तेव्हा मात्र तिच्या पुढच्या चाकांत काय चालले आहे याची चौकशी केलीच पाहिजे.

हब म्हणजे काय, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या बैलगाडीला तुंबा होता ना, तोच हा. मधला आख स्थिर, त्याभोवती तुंबा फिरतो, आणि दोहोंच्या मध्ये वंगण. गाडीवान बाजाराला निघण्यापूर्वी चाकाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपत नसे, आणि वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. कन्नडमध्ये या वंगणाला कीलेण्णे म्हणतात. आमच्या भागातले जुने शेतकरी दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने वापरतात. बैलगाडीचा एक मोठा गुण असा, की वंगण संपले की ती कुरकुरते. सारा गाव ऐकतो, चार माणसे टोकतात, गाडीवान शरमतो. मोटारीचा हब असा बोलका नाही. तो वर्षानुवर्षे गप्प बसतो, आणि बोलू लागतो तेव्हा बरेच काही होऊन गेलेले असते.

मोटारीच्या हबात वंगणाबरोबर बेअरिंगे असतात; एक आतल्या बाजूला मोठे, एक बाहेरच्या बाजूला लहान. काही गाड्यांत ती गोळ्यांची असतात, काहींत निमुळत्या रुळांची. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली हेन्री टिमकेन नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत मिळवले. हा माणूस मोटारवाला नव्हता, घोड्यांच्या गाड्या बांधणारा होता. वळणावर चाकावर नुसते वजन येत नाही, बाजूनेही रेटा बसतो. तो रेटा साध्या बेअरिंगला सोसत नाही, ही अडचण त्याला बग्गीनेच शिकवली. म्हणजे मोटारीच्या चाकातले हे शहाणपण गाडीवानाच्याच धंद्यातून आलेले आहे. आपण ते मोटारीत बसवून घेतले आणि गाडीवानाची सवय तेवढी सोडून दिली.

आता ब्रेकशी याचा संबंध काय? संबंध असा, की ब्रेकचा ड्रम हबावरच बसलेला असतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. ॲम्बॅसडरलाही सुरुवातीची कित्येक वर्षे तसेच. पॅडल दाबले की आतले बूट पसरतात आणि त्यांचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. गाडी थांबताना तिचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या ब्रेकांवर अधिक भार येतो. हा ड्रम ज्या हबाबरोबर फिरतो तो हब जर बेअरिंगात ढिला असेल, तर ड्रम सरळ फिरत नाही, किंचित डुलतो. मग मेस्त्रींनी नवे लायनर बसवून कितीही बारकाईने सेटिंग केले तरी ते खोटेच. बूट जवळ आणले तर एका जागी घासतात, लांब ठेवले तर पॅडल खाली जाते. गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येते आणि म्हणते, लायनर डुप्लिकेट घातलात. लायनर बिचारा अस्सल असतो.

दुसरा संबंध तेलकट आहे. हबाच्या आतल्या बाजूला एक सील असते. हबातले ग्रीस ब्रेकच्या बाजूला जाऊ नये एवढेच त्याचे काम. रबर म्हातारे झाले की ते कडक होते, चिरते, आणि घाटात ब्रेक तापले की पातळ झालेले ग्रीस हळूच ड्रममध्ये उतरते. ग्रीस लागलेला लायनर नीट धरत नाही. एका चाकाला लागले आणि दुसऱ्याला नाही, तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. भर पावसात, उताराच्या वळणावर, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असताना ती कोणत्या बाजूला ओढेल याचा विचार वाचकांनीच करावा. आणि हे सील बदलायचे तर हब काढावाच लागतो. दुसरा रस्ता नाही.

मग हब उघडत का नाहीत? येथे खरी गोम आहे. अनेक जुन्या गाड्यांत ड्रम हबावर बारीक स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढले, चार टोले दिले, की ड्रम हातात येतो आणि हब जागच्या जागी राहतो. लायनर बदला, व्हील सिलिंडरची रबरे बदला, ड्रम चढवा, काम संपले. कारखान्याने केलेली ही सोय आपण पळवाट म्हणून वापरतो. ज्या गाड्यांत ड्रम आणि हब एकत्र निघतात, तेथे निदान बेअरिंग डोळ्यांना दिसते तरी.

हब उघडून करावयाचे काम मी पुष्कळदा शेजारी बसून पाहिले आहे, आणि त्यात काहीही गूढ नाही. फक्त वेळ जातो. मागच्या चाकांना दगड लावून पुढची बाजू जॅकवर उचलायची, पण नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडा द्यायचा. चाक उतरवण्यापूर्वी वर आणि खाली धरून हलवून पाहायचे, म्हणजे खेळ किती आहे हे हाताला कळते. मग ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, आणि बाहेरचे बेअरिंग. हब बाहेर ओढला की जुने ग्रीस दिसते. त्याच्याकडे पाहूनच मेस्त्री निदान करतात. काळे आणि कडक म्हणजे तापलेले. दुधाळ म्हणजे पाणी शिरलेले. बोटांत चोळल्यावर चमचमणारे म्हणजे बेअरिंगचे पोलाद त्यात उतरलेले.

बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन कोरडे करायचे. येथे पोरांना एक खेळ सुचतो : कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग भिंगरीसारखे गरगरा फिरवायचे. आवाज मोठा मजेदार येतो. परंतु कोरडे बेअरिंग असे फिरवले की खराब होते, आणि एखादा रूळ सुटून डोळ्यात गेला तर डोळाच गेला. आमच्या मेस्त्रींनी या खेळावर पूर्ण बंदी घातली आहे. हवेबद्दल दुसरी गोष्ट. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकण्याची किंवा हवेने उडवण्याची पद्धत सगळीकडे आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरलेले असे आणि त्याचे अतिसूक्ष्म तंतू फुप्फुसात बसले की निघत नाहीत. ओल्या फडक्याने पुसायला किती वेळ लागतो? पण तोही वेळ मजुरीत धरावा लागतो, हे विसरू नये.

धुतलेले बेअरिंग उजेडात धरून पाहायचे. रुळांवर निळसर छटा असेल तर ते भाजले आहे. देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर ते गेले. तसे काही नसेल तर ते पुन्हा बसवायला हरकत नाही, आणि या मुद्द्यावर मी आग्रही आहे. हब उघडला म्हणजे नवी बेअरिंगे घातलीच पाहिजेत असे सांगणारे विक्रेते असतात. पन्नास वर्षांपूर्वीचे निकोप बेअरिंग काढून त्या जागी चकचकीत डब्यातले बनावट बेअरिंग घालणे म्हणजे शहाणपण नव्हे. बदलायचेच झाले, तर आतला भाग आणि हबात ठोकलेला बाहेरचा कप अशी जोडी बदलावी. नव्या रुळांना जुना कप देऊ नये. कप काढताना पितळी दांडा वापरावा, पोलादी छिन्नी नव्हे.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यावर घासत घासत ते रुळांच्या आतपर्यंत भरायचे. बाहेरून लेप दिला म्हणजे भरले असे नव्हे. आणि भरले म्हणून हबाची सगळी पोकळी चोंदूनही टाकायची नाही. तापल्यावर ग्रीस फुगते आणि सीलवाटे ब्रेककडेच वाट काढते. जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचे नवे थापणेही वाईट. दोघांचे जमत नाही, मिश्रण पातळ होते.

शेवटी नट. यातच सारी कला आहे आणि सायकल दुरुस्त केलेल्या कोणालाही ती समजेल. सायकलच्या हबाचे कोन पार आवळले तर छर्रे रडतात, ढिले ठेवले तर चाक लडखडते. आपण आवळून मग किंचित मागे घेतो. निमुळत्या रुळांच्या हबातही तसेच : चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, बेअरिंग बसू द्यायचे, मग मागे घ्यायचा आणि अगदी थोडा खेळ ठेवायचा. उलट काही गाड्यांत गोळ्यांच्या बेअरिंगांमध्ये नळी असते, तेथे नट पूर्ण जोराने आवळावा लागतो. म्हणून गाडीची पुस्तिका पाहिल्याशिवाय सगळ्यांना एकच माप लावू नये. स्प्लिट पिन मात्र दर वेळी नवी. चहाच्या कपाहून स्वस्त वस्तू आहे ती, आणि नट जागेवर राहण्याचा शेवटचा भरवसा तिच्यावरच असतो. तरी जुनी पिन सरळ करून परत घालणारे आहेत.

सायकलचा दाखला मी उगाच दिला नाही. किर्लोस्कर बंधूंनी १९१० साली किर्लोस्करवाडीला बस्तान हलवण्यापूर्वी याच बेळगावात सायकलींचा व्यवसाय केला होता. आज उद्यमबागेतल्या फाउंड्यांत बिडाचे ओतीव काम होते, लेथवर काम करणारे कुशल हात गल्लोगल्ली आहेत. ड्रम कातून घ्यायला येथून कोठे लांब जावे लागत नाही. म्हणजे आपल्या गावात कौशल्याची वाण आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

वाण आहे ती मजुरी देण्याच्या दानतीची. आमच्या वहीत लायनरच्या किमतीवर घासाघीस सहसा होत नाही, कारण लायनर हातात घेऊन पाहता येतो आणि जुना पिशवीत घालून घरी नेता येतो. हबाच्या कामात हातात काय येते? मूठभर ग्रीस आणि एक सील. दोन्ही चाकांना मिळून मेस्त्रींचा अर्धा दिवस गेलेला असतो, पण अर्धा दिवस पिशवीत घालता येत नाही. म्हणून काम सुरू होतानाच गिऱ्हाईक सांगून टाकते, “ब्रेक तेवढे बघा की ओ, हब कशाला खोलताय?” कन्नड बोलणारे गिऱ्हाईक म्हणते, “ब्रेक अष्ट माड्री, हब बिच्चब्याड्री.” सीमाप्रश्नावर आमचे एकमत होईल तेव्हा होवो, या एका वाक्यावर ते केव्हाच झालेले आहे.

आमच्या शास्त्रात घसारा नावाची गोष्ट आहे. आयकराच्या नियमाप्रमाणे धंद्यातल्या मोटारीवर उरलेल्या किमतीच्या १५ टक्के दराने दरवर्षी घसारा काढतात. एक लाखाची गाडी दहा वर्षांनी वहीत वीस हजारांच्याही खाली येते. त्यामुळे मालकाला वाटते, एवढ्याशा किमतीच्या गाडीवर आणखी खर्च कशाला? परंतु वहीतला घसारा वर्षागणिक लहान होत जातो आणि हबातला मोठा. वही गाडीची किंमत दाखवते. गाडीत बसलेल्या पाच माणसांची रक्कम तिच्या कोणत्याच खात्यात नसते. दुरुस्ती हा महसुली खर्च, तो त्या त्या वर्षीच नफ्यातून जावा, असे आम्ही परीक्षेत लिहितो. हबाचे वंगण पुढच्या वर्षावर ढकलणारा मालक हिशेबाच्या दृष्टीनेही चूकच करतो.

माझ्या म्हणण्याला एक वजनदार विरोध आहे, तो येथे मांडतो. काही जुने जाणते मेस्त्री म्हणतात, चालते आहे त्याला हात लावू नये. बसलेले बेअरिंग उघडले की बिघडते. त्यात तथ्य आहे. धुळीत उघडलेला, कसेतरी ग्रीस फासलेला, हातोडीने ठोकून बसवलेला हब न उघडलेल्या हबापेक्षा वाईट. पण हा युक्तिवाद वाईट कामाविरुद्ध आहे, कामाविरुद्ध नाही. शिवाय आपल्या भागात न उघडण्याची चैन परवडणारी नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. त्या पाण्यातून किंवा गावातल्या गुडघाभर पाण्यातून ज्या गाड्या गेल्या, त्यांचे ब्रेक दोन दिवसांत वाळले. हबात गेलेले पाणी वाळत नाही. ते ग्रीसमध्ये कालवले जाते आणि पोलाद गंजवत बसते. असा हब “चालतो आहे” म्हणून सोडणे म्हणजे ताप उतरला म्हणून क्षयाचे औषध थांबवण्यासारखे आहे.

हौशी मालकांविषयी मला आदर आहे, तरी एक तक्रार करतोच. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या. साहजिकच रंग, क्रोम, सीटचे कव्हर, जुन्या घाटाचा हॉर्न यांवर पैसा सढळपणे जातो. खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढे कोहळा फोडतात. लिंबू चिरडून गाडी पुढे जाते, ते चाक कशावर फिरते आहे, हे मात्र मालकाने आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. एक दिवस गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ते पाहावे. मेस्त्रींनाही मालक समोर असला की हुरूप येतो.

गॅरेजचे बिलबुक संपत आले आहे, आणि नव्या छपाईत एक ओळ वाढवावी असे मी सुचवले. मेस्त्रींनी ते मानले, पण शब्दावर अडले. त्यांचे म्हणणे, हब हा शब्द मराठीतही हब आणि कन्नडमध्येही हब, तेवढाच छापा. माझे म्हणणे, हब म्हटले की गिऱ्हाईक “खोलू नका” म्हणते. वंगण म्हटले की त्याला आपल्या घरची बैलगाडी आठवते. शेवटी दोन्ही शब्द घ्यायचे ठरले. छापखान्याला दिलेल्या मसुद्यात ब्रेकच्या ओळीखाली आता असे आहे : ‘पुढचे हब उघडून वंगण : होय / नाही’. त्याखाली तेच कन्नडमध्ये, कीलेण्णे या शब्दासह. आणि ‘नाही’ पुढे गिऱ्हाइकाच्या सहीसाठी मोकळी जागा.